सांधा बघणारी इरम्मा

भूकंपानंतर आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तेव्हाची गोष्ट. जुन्या गावात आमचं बौद्धांचं घर एका टोकाला आणि अण्णारावांचं लिंगायत गल्लीत. त्यांच्या चुलीपाशी काय बोलणं चालतं हे मला एरवी जन्मात कळलं नसतं. पण भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली, आणि सरकारनं शेड बांधली ती एका रांगेत. मग त्यांच्या नि आमच्या संसारात एक पत्रा तेवढा राहिला. तो पत्रा उन्हाळ्यात तापायचा, पावसाळ्यात वाजायचा, आणि बारा महिने पलीकडचं बोलणं जसंच्या तसं इकडं आणून द्यायचा.

इलेक्शन आलं होतं. दिवस मावळायला आलेला, मी पीठ मळत होते. पलीकडं अण्णाराव बायकोला सांगत होते, "म्या शब्द देऊन आलोय. आपली दोन्ही मतं त्यांनाच."

"कोन हाय त्यो?"

"आपल्यातलाच हाय. आपल्यातला हाय म्हून आपलं बघंल."

तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मागं निवडून दिलता त्यो बी आपल्यातलाच व्हता की."

"व्हता. त्यानं काय केलं न्हाय."

"मंग?"

"मंग काय मंग?"

"आपल्यातला असून त्यानं बघितलं न्हाय. मंग ह्यो बघंल ते दुसऱ्या कशानं तरी बघंल. ते दुसरं काय हाय तेवढं सांगा, म्या गपगुमान मत देते."

ताट सरकवल्याचा आवाज आला. "इरे, माणूस दिवसभर रानात मरून येतंय, आन् घरात आलं की हितं कोर्ट!"

"म्या कुठं भांडूलालेय? इचारूलालेय."

"आन् म्या शब्द दिलाय त्याचं काय?"

"तुमच्या मताचा द्या की. माझ्या मताचा शब्द म्या तुमच्याकडं कवा दिलता?"

हसू दाबता दाबता माझ्या नाकात पीठ गेलं आणि मी सणसणून शिंकले. पलीकडं भाकरी थापणं थांबलं. मग तिचाच आवाज आला, "मालनबाई, ऐकूलालाव तर सांगा की. माझं कुठं चुकलं?"

तिचं कुठंच चुकलं नव्हतं. पण मी काय सांगणार? म्हणाले, "मला काय कळत न्हाय बाई. आमचे मालक सांगतेत त्यावर म्या शिक्का मारते."

"आन् मालक कुणाला इचारून मारतेत?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मालकांकडंही नव्हतं, मी रात्री विचारून बघितलं. तर अशी आमची ओळख झाली.

ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. गावात तिची आठवण निघते ती तोंडाळ बाई म्हणून. ते खरं नाही. तोंडाळ मी आहे. मला बोलायला कारण लागत नाही, इरम्माला लागायचं. तिचं माहेर आळंदच्या बाजूला, कर्नाटकात. मराठी ती लग्नानंतर शिकली. नीट कळायला लागेपर्यंत बरीच वर्षं ती नुसती ऐकत बसली. मला वाटतं खोड तिथंच लागली. आपण बोलणाऱ्याच्या अंगावरचा कपडा बघतो, गाडी बघतो, आवाज बघतो आणि मान हलवतो. तिला ते काही दिसायचंच नाही. ती शब्दाला शब्द जोडून बघायची.

अण्णाराव स्वतःचं रान बघून लोकांच्या रानात पाइप जोडायला जायचे. त्यांचं बघून तिनं एक बोलणं उचललं होतं. कुणी पुढाऱ्याचं काही सांगायला लागलं की म्हणायची, "पाइप ह्यो बी चांगला हाय, त्यो बी चांगला हाय. सांधा बसला न्हाय." मला आधी कळायचं नाही. मग एकदा तळं भरलं. आमच्या गावच्या तळ्याला कित्येक वर्षांत पाणी नव्हतं, आणि नवे आमदार निवडून आले त्याच साली ते सांडव्यावरून वाहिलं. लोक म्हणाले, पायगुण बघा आमदाराचा. इरम्मा म्हणाली, "आमदार निवडून आला ह्ये खरं हाय. तळं भरलं ह्ये बी खरं हाय. पर ह्याच्यामुळं ते भरलं, ह्ये कुणी बघितलं? म्या भाकरी थापाया बसले की मालनची म्हैस वरडती. म्हून म्या उपाशी ऱ्हायले तर म्हैस गप बसंल का?"

पुनर्वसनात पक्की घरं मिळाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या, आणि आमचा शेजार पुन्हा तोच आला. त्यामुळं तिचं बोलणं मला कधी तुटलं नाही. सभा कुणाचीही असो, आम्ही दोघी एकाच टेम्पोत बसून जायचो. एका सभेत पुढारी छाती ठोकून म्हणाला, "मी चोर असतो तर तुम्ही मला निवडून दिलं असतं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. इरम्मा माझ्या कानात म्हणाली, "ठावं असतं तर दिलं नसतं. ठावं व्हतं का, ह्ये इचार की आधी." माझी टाळी अर्ध्यात राहिली. परत येताना टेम्पोतली पोरं ओरडत होती, एवढी गर्दी म्हणजे आपण निवडून आलोच. ती म्हणाली, "बाबांनो, परवा त्यांच्या सभेला बी म्याच व्हते. टेम्पो बी ह्योच व्हता." पोरं हसली, ड्रायव्हर हसला.

हसायची सगळी. पण एवढं करून तिनं कुणाचं एक मत फिरवलं असं मला आठवत नाही. माझंसुद्धा नाही. मी तिला हो म्हणायचे आणि आत जाऊन ज्याचं चिन्ह डोळ्यापुढं जास्त आलेलं असेल ते बटण दाबायचे. तिला हे माहीत होतं. ती म्हणायची, "सांधा दाखवाया येतोय मला, मालन. बसवाया येत न्हाय."

तिला पोरगा उशिरा झाला. महारुद्र नाव, घरात रुद्रा. पुनर्वसनातल्या नव्या घरात जन्मला. उंच, काटक, पळायला हरणासारखा. फाट्यापासून गावापर्यंत सायकलवाल्या पोरांच्या पुढं पळत यायचा. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, याला पोलीस भरतीला उतरवा. तेव्हापासून इरम्मानं एकच ध्यास घेतला. मला म्हणाली, "वर्दी असली की कुणाच्या मागं फिरावं लागत न्हाय."

मी म्हणाले, "वर्दीवाल्यालाच तर रोज कुणाच्या तरी गाडीमागं पळावं लागतंय की."

ती हसली. "व्हय की. सांधा न्हाय बसला. पर मला पायजे."

अण्णाराव कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर रुद्रा धाराशिवला अॅकॅडमीत राहिला, पहाटे ग्राउंड आणि दुपारी क्लास. खोलीवर चार पोरं, स्वयंपाकाची सोय नाही. आमच्याकडं शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं जातात. सकाळच्या गाडीला फाट्यावर डबे चढवायचे, कंडक्टर ड्रायव्हरच्या मागं रांगेनं लावतो, धाराशिवच्या स्टँडवर पोरं उभीच असतात, आपापला डबा वळखून घेतात. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत. इरम्माच्या डब्याला लाल चिंधी बांधलेली. धपाटे, दही, शेंगाचटणी, कधी वांगं. पोराचं आणि तिचं फोनवर बोलणं थोडंच व्हायचं, डब्यातनंच जास्त. चटणी संपून यायची, वांगं कधी कधी तसंच यायचं, मग ती आठवडाभर वांगं करायची नाही.

पहिल्या भरतीत ग्राउंड निघालं, लेखीत थोडक्यात राहिला. पुढची भरती कधी निघेल त्याचा पत्ता नव्हता. खोलीवरच्या एका पोरानं त्याला अमरसिंहभाऊंच्या हापिसात नेलं.

अमरसिंहभाऊ म्हणजे आमच्याकडचे नव्यानं वर आलेले पुढारी. पक्ष कुठला ते मी सांगत नाही. दोनदा बदलून झालाय. मी सांगेपर्यंत तिसऱ्यांदा बदलला तर माझंच खोटं व्हायचं. त्यांच्या हापिसात दिवसभर चहा, पंख्याखाली खुर्ची, आणि 'रुद्रा, तू आपला माणूस' म्हणणारं कुणीतरी. भरतीत नापास झालेल्या पोराला आणखी काय लागतं? बॅनर बांध, गाडीबरोबर पळ, मोबाइलवर भाऊंचे फोटो सोड, एवढंच काम. पळायला तर तो चांगलाच होता.

घरी आला की मायलेकरांचं जुंपायचं. मी भिंतीपलीकडं. आता पत्रा नव्हता, पण खिडकी होती.

"अव्वा, भाऊंनी पक्ष बदलला त्यो विकासासाठी."

"मागं बदलला तवा?"

"तवा बी विकासासाठीच."

"म्हंजी हिकडनं तिकडं गेलं तर बी विकास, तिकडनं हिकडं आलं तर बी विकास. मंग एका जागी बसून का व्हईना?"

"तुला राजकारण कळत न्हाय."

"न्हाय कळत. म्हून तर इचारूलालेय."

"लोक जळतेत भाऊंवर. म्हून काय बी बोलतेत."

"जळत असतील. जळणारं माणूस खरं बोलत न्हाय का? तुझी चुलती माझ्यावर जळती. पर भाकर करपली म्हणली तवा भाकर करपलीच व्हती."

यावर रुद्रा खो खो हसायचा. सुरुवातीला त्याला मजा यायची, मित्रांना सांगायचा, माझ्या अव्वापुढं वकील टिकणार न्हाय. मग एकदा तो म्हणाला, "जो आमच्यासंगं न्हाय त्यो त्यांच्यासंगं." ती म्हणाली, "म्या सोयाबीन पेरलं न्हाय म्हंजी तूरच पेरली का? रान पडीक बी असतंय." तेव्हा तो हसला नाही. ताटावरनं उठला आणि मोबाइल घेऊन ओट्यावर बसला. पुढच्या खेपेला आला तेव्हा तो काही बोललाच नाही. ती बोलत होती, तो भाकरी मोडत होता.

दुसऱ्या दिवशी ती मला खुशीत म्हणाली, "आता उलटून बोलत न्हाय बघ. पटूलालंय त्याला."

मी त्याला ओट्यावर बसलेलं बघितलं होतं. पटलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं. गप बसला म्हणजे पटलं, हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला उभा धरला असता. पण तो सांधा तिचा स्वतःचा होता, आणि त्यात तिचं लेकरू होतं.

मग इलेक्शन लागलं. एका सकाळी रुद्रा धावत आला, भाऊ आपल्या घरी चहाला येणार. त्याच्या आयुष्यातला तेवढा मोठा दिवस मी दुसरा बघितला नाही. मंडपवाल्याकडनं खुर्च्या आणल्या, ओट्याला पाणी मारलं, मला म्हणाला, "मालनमावशी, तुमच्याकडची चांगली कपं द्या. आन् अव्वाला जरा सांगा."

"काय सांगू?"

"तुमाला ठावं हाय काय ते."

मी सांगितलं. इरम्मा म्हणाली, "म्या येडी हाय का? घरी आलेल्या माणसाला कोन बोलतंय?"

भाऊ आले, गाड्या आल्या, पोरं दारात मावेनात. माणूस गोड, खोटं कशाला बोलू. खुर्चीवर बसले नाहीत, बाजेवर बसले. पोहे मागून घेतले. "काकू, रुद्रा माझा उजवा हात आहे," म्हणाले. रुद्राची छाती एवढी फुगली. "मी स्वतःसाठी काही केलं असतं तर आज भाड्याच्या घरात राहिलो असतो का?" असंही म्हणाले. मी इरम्माकडं बघितलं. तिनं ओठ मिटून घेतले होते. रुद्राही तिच्याकडंच बघत होता. तेवढं निभावलं.

मग भाऊ पोरांकडं हात करून म्हणाले, "काकू, या पोरांना नोकऱ्या का मिळत नाहीत? एकच कारण. मी आमदार नाही म्हणून."

रुद्राचं नाव निघाल्यासारखंच होतं ते. तिच्यानं राहवलं नाही. पण आवाज चढवला नाही, पाणी वाढता वाढता विचारावं तसं विचारलं. "भाऊ, आता जे आमदार हायत, त्यांच्या मागं फिरणाऱ्या पोरांना मिळाल्या का?"

"एकालाही नाही!" भाऊ खूश होऊन म्हणाले.

"मंग आमदाराच्या मागं फिरून बी मिळत न्हाईत. तर तुमी आमदार न्हाय म्हून मिळत न्हाईत, ह्ये कसं?"

मग दारातलं एक पोरगं फिसकन हसलं आणि त्याच्यामागं सगळी हसली. सगळ्यात मोठ्यानं हसले ते भाऊ. "काकू, तुमालाच उभं करायला पाहिजे!" म्हणत उठले आणि वाकून तिच्या पाया पडले. मोबाइल वर झाले, फोटो निघाले. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आला. खाली लिहिलेलं मी अक्षर अक्षर लावून तिला वाचून दाखवलं, 'या माउलीचा आशीर्वाद भाऊंच्या पाठीशी.'

"म्या कुठं दिला आशीर्वाद? त्यो वाकला."

"वाकला म्हंजी मिळाला म्हणतेत," मी म्हणाले.

रुद्रा खुर्च्या एकावर एक रचत होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, "सगळ्यांम्होरं हसं केलंस माझं."

"तुझं कशाला? म्या त्यांच्या बोलण्याला..."

"त्यांना काय झालं? ते हसले, गाडीत बसले, गेले. वर फोटो घेऊन गेले. पोरं माझ्याकडं बघून हसत व्हती, अव्वा. उद्या मला तिथंच जाऊन बसायचंय."

त्याच्या बोलण्यात कुठंच फट नव्हती. तो बॅग घेऊन शेवटच्या गाडीनं गेला आणि त्यानंतर घरी मुक्कामाला आला नाही. डबा मात्र चालू राहिला. जायचा, यायचा.

थोड्याच दिवसांनी त्याचा फोन आला. आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत होतो. तिनं फोन मोठा करून मध्ये ठेवला.

"अव्वा, उद्या डबा पाठवू नकोस. गाड्या बंद ऱ्हातेल. भाऊंचा रास्ता रोको हाय, सोयाबीनच्या भावासाठी."

"भाव तर मिळायलाच पायजे. तू जाणार?"

"म्होरंच हाय मी. आत्ता बी लई काम हाय, पोरांना रुमाल वाटायचेत."

"रुमाल कशाला?"

"उन्हाचे."

"ऊन डोक्याला लागतंय. डोक्याला टोप्या वाटतेत."

तो तिथल्या कुठल्या पोराशी बोलायला लागला. ती म्हणाली, "तोंड बांधायला का रे?"

"शांततेत हाय अव्वा. भाऊंनी सोता सांगितलंय. आन् गुन्हे दाखल झालेच, तर निवडून आल्यावर भाऊ पयल्यांदा ते मागं घ्यायला लावणार हायत."

इरम्मानं हातातली शेंग खाली ठेवली. "रुद्रा, नीट ऐक. शांततेत हाय तर गुन्हा कशाचा व्हणार? ज्यो माणूस आधीच म्हणतो की मागं घ्यायला लावीन, त्याला गुन्हे व्हणार ह्ये आधीच ठावं हाय. तोंड त्याचं बांधलेलं न्हाय, तुमचं हाय. आन् गुन्हा असला की भरतीत घेत न्हाईत, ह्ये तूच मला सांगितलंस."

मागचा गलबला कमी झाला, तो पोरांपासनं बाजूला आला असणार. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तू बरोबर हायस, अव्वा. कायमच बरोबर असतीस. पर आता मी न्हाय म्हणलं तर ही सगळी पोरं माझ्याकडं बघूलालेती, त्यांना काय सांगू?"

फोन बंद झाला. शेंगा तशाच पडल्या. त्याला कळत नव्हतं असं असतं तर ती आणखी समजावून सांगत बसली असती. त्याला कळलं होतं. आता तिच्याकडं सांगायला काय उरलं?

दुसऱ्या दिवशी गाड्या बंद आहेत हे माहीत असूनही तिनं डबा भरला आणि फाट्यावर जाऊन बसली. मी म्हणाले, गाडी येणार न्हाय. म्हणाली, "ठावं हाय." दुपारी पोरांच्या मोबाइलवर बातम्या यायला लागल्या. दगडफेक झाली, एसटीच्या काचा फुटल्या, लाठ्या चालल्या. भाऊ निवेदन देऊन आधीच निघून गेले होते. ज्यांना उचललं त्यांत रुद्रा होता. रुमाल बांधलेला असूनही त्याला लगेच वळखलं म्हणे, सगळ्यात उंच तोच होता.

जामिनावर सुटला. भाऊ निवडून आले. गुलाल उधळला, त्यात रुद्राही होता. मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. मध्ये भरती निघाली, गावातली दोन पोरं लागली, त्यांची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. इरम्मा पुढं जाऊन दोघांच्या हातावर साखर ठेवून आली.

रुद्राचा फोन कधीतरी यायचा. एकदा मी तिथंच होते. ती म्हणाली, "केसचं काय झालं रे?"

"भाऊ लागलेत मागं. पर विरोधक अडवतेत."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. सत्ता आली की कुणी अडवू शकत नाही, हे यानंच तिला शंभरदा ऐकवलं होतं. सांधा माझ्यासारखीला दिसला, तिला दिसला नसंल? तिच्या ओठावर आलेलं तिनं गिळलं आणि म्हणाली, "व्हय बाबा. असंल तसंच."

मग तो म्हणाला, "तुला पटलं न्हाय अव्वा."

"पटलं की."

"न्हाय पटलं. तू माझ्यासंगं खरं बोलत व्हतीस, तेवढं तरी व्हतं." आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन त्यानं उचलला नाही.

तिचाच लेक तो. कान तिचाच घेतला होता.

ती फार बोलेनाशी झाली. पाय सुजायला लागले, चार पावलांत दम लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बसून राहायला सांगितलं. ती सकाळी उठून धपाटे लावायची. एकदा तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "खातंय बघ लेकरू. डबा रोज रिकामा येतोय."

तिनं चिंधीची गाठ सोडत माझ्याकडं बघितलं. "मालन, डबा रिकामा येतोय, एवढंच मला कळतंय. कुणी खाल्ला ते कळत न्हाय."

मला वाटलं, एकदा तरी चुकीचं जोडायचं होतं. कुणी बघायला येणार नव्हतं. पण तिला ते जमलं नाही. डबा घासून तिनं पालथा घातला, आणि पीठ आहे का बघायला आत गेली.

मी म्हणायचे, मी नेते फाट्यावर. "कंडक्टर तुला वळखत न्हाय," म्हणायची. इतकी वर्षं मी त्याच फाट्यावर उभी राहते आणि कंडक्टर मला वळखत नाही! पण वाद घालून जिंकायची सोय तिच्यापुढं नव्हती. मग मी नुसती बरोबर जायचे.

एका पहाटे ती उठली नाही. मातीला रुद्रा आला. आमच्या मालकांच्या मागं उभा राहिला, सांगितलं तसं सगळं केलं. मी त्याला पाणी दिलं, त्यानं घेतलं. विचारायचं माझ्या मनात पुष्कळ होतं, पण त्या तोंडाकडं बघून विचारवलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊंची गाडी सांत्वनाला आली. जाताना रुद्रा त्याच गाडीत बसून गेला. घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडं ठेवलीय.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर गेलो होतो. जिल्हा परिषदेची हवा सुरू होती. चहाच्या टपरीवर कोंडीराम, आमच्याच गावचे, मोठ्यानं सांगत होते, "यंदा बाईमाणूस उभं ऱ्हाणार. बाई हाय म्हून खाणार न्हाय, लिहून घ्या."

इरम्मा खांबाला धरून दम खात होती. तशीच म्हणाली, "कोंडीराम, तुमची सून बाईच हाय न्हवं? ती घरातलं पैसं खाती म्हून तुमी परवा वरडत व्हताव की."

टपरीवर हशा झाला. कोंडीराम म्हणाले, "इरम्मा, तुमी आधी बसा बरं. मरायला टेकलाव तरी..."

"टेकले म्हून सुनेचं खोटं व्हतंय का?"

तेवढ्यात गाडी आली. ती पुढच्या दाराशी गेली आणि डबा कंडक्टरच्या हातात दिला. "वर धपाटे हायत, खाली दही हाय. आडवा करू नगा."

"आज्जी, रोज तेच सांगताव."

"रोज तुमी आडवा करताव म्हून."

त्यानं मान हलवली, डबा ड्रायव्हरच्या मागं बाकीच्या डब्यांशेजारी ठेवला, आणि ती अजून बघतेय हे बघून हातानं सरळ केला. घंटी वाजली. गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत ती उभी राहिली, मग पदर खोचला आणि म्हणाली, "चल मालन. ऊन व्हायच्या आत पोचू."